किरकोळ

चोपडीच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद 'नारळ, उदबत्ती, पेढे पाव किलो – १७५' अशी आहे. तारीख १२ फेब्रुवारी २०२३. तिच्याखालची दुसरी, 'टिकाव, दांड्यासकट – ४५०'. देवाला हात जोडले आणि लगेच घर फोडायला घेतलं, एवढं त्यावरून कळतं. चोपडी लाल कापडाची, लांबट, दोरीने बांधायची. दिवाळीत दुकानदार पुजतात तसली. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, एक्सेलमध्ये ठेव ना. बेरीज आपोआप होते." बेरीज आपोआप होते म्हणूनच मला ते नको होतं. आकडा हाताने लिहून पानाच्या तळाशी ओढत न्यावा लागला की तो जरा बोचतो, आणि मला तो बोचायला हवा होता.

एकतीस वर्षं मी एका माध्यमिक शाळेच्या कचेरीत रोजकीर्द लिहिली. अडीच रुपयांची तफावत सापडेना म्हणून एकदा शेवटची एसटी चुकवली आणि मुख्याध्यापकांच्या घरी मुक्काम केला, अशी माझी ख्याती. तेव्हा गावाकडचं घर आपणच दुरुस्त करायचं, मिस्त्री अवघड कामापुरताच लावायचा आणि खर्च अंदाजात बसवायचा, यात मला काही विशेष वाटलं नव्हतं. अंदाज काढला ३,८५,००० रुपयांचा. त्यातच दहा टक्के 'अनपेक्षित' म्हणून धरले होते. अनपेक्षित गोष्टीला टक्केवारी लावता येते, असं मला त्या वेळी खरोखर वाटत होतं.

घर सासरचं. नेवासा तालुक्यात, प्रवरेपासून दोनेक कोसांवर, गावठाणाच्या मधोमध. भिंती दोन फुटी, दगड आणि मातीच्या. पुढे ओसरी, आत माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, आणि डोक्यावर माळवद. कोकणातल्या माणसाला माळवद समजावून सांगताना पंचाईत होते. त्यांच्याकडे पावसाला वाट द्यायला उतरती कौलं. आमच्याकडे वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. त्याच्यासाठी छप्पर तिरकं करायची तोशीस कुणी घेतली नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर लाकडाची फळकुटं, त्यावर लिंबाचा पाला आणि मग फूटभर पांढरी माती चोपून बसवलेली. उन्हाळ्यात खाली गारवा, वर कुरडया वाळतात, रात्री झोपायलाही तीच गच्ची. या सगळ्याचं भाडं एवढंच, की दरसाल मृगाच्या आधी पांढरीचा ताजा थर टाकून तो चोपायचा. सासूबाई होत्या तोवर हे झालं. त्यांच्यामागे चार पावसाळे घराला कुलूप राहिलं, आणि २०२२च्या परतीच्या पावसात स्वयंपाकघराचा कोपरा खाली बसला.

विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. आम्ही दोघं निवृत्त, हात-पाय चालते, हे आयटीआयचे फिटर. मी म्हटलं, बघू.

अंदाजपत्रकात 'पाडणे' हे सदर होतं. पाडलेलं उचलून न्यायचं सदर नव्हतं. पहिली ठेच तिथेच लागली. स्वयंपाकघर आणि न्हाणीवरचं माळवद पूर्ण उतरवून तिथे स्लॅब टाकायचा, आणि माजघरावरचं लाकूड धडधाकट होतं म्हणून ते ठेवून वरची माती निम्मी करायची व पत्रा टाकायचा, असं ठरलं होतं. दरसालच्या थरांनी माती सव्वा फूट झालेली. तीनशे चौरस फुटांवरची सगळी आणि दोनशे चौरस फुटांवरची निम्मी, म्हणजे पाचशे घनफूट, म्हणजे पाच ब्रास. ब्रास हे शंभर घनफुटांचं माप बांधकामाच्या जगात सगळ्यांच्या तोंडी असतं. पण गिलाव्याला आणि रंगाला तोच शब्द शंभर चौरस फुटांसाठी वापरतात, हे मला दुसऱ्या आठवड्यात एका बिलावरून भांडल्यावर कळलं. ब्रासभर मातीचं वजन साडेचार टनांच्या आसपास. म्हणजे उतरवायची माती बावीस-तेवीस टन. मी ट्रॅक्टरच्या खेपांचा हिशेब मांडत ओसरीवर बसले होते, तेव्हा शेजारचे आबा काठी टेकत आले.

"सूनबाई, ही माती न्यायला तू पैशे देनार व्हय?"

"मग काय करू, आबा? उकिरड्यावर तरी नेऊन टाकायलाच हवी."

"येडी का काय! कांद्याला न्हेतो मी."

वस्तीची जमीन ती पांढरी आणि शेतीची ती काळी, हे मी कागदोपत्री किती वेळा वाचलं असेल. पण पांढरी काळीत घालतात, हे मला माहीत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, शेण, गुरांचं मूत त्या मातीत मुरलेलं असतं. ती खारी होते आणि पिकाला खताचं काम देते. दोन दिवसांत आबांचा ट्रॅक्टर आणि आबांचीच माणसं माळवद घेऊन गेली. आता चोपडीत काय लिहायचं? मी लिहिलं, 'माती वाहतूक – ०'. शाळेत शून्याची नोंद केली असती तर तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं असतं. पुढल्या वर्षी आबांनी कांद्याच्या दोन गोण्या ओसरीवर आणून टाकल्या. त्या मी जमेला धरल्या: 'माळवद विक्री'.

चोपडीतल्या पानांना मी सदरं पाडली होती. सिमेंट, वाळू-खडी, लोखंड, विटा, लाकूड, नळकाम, वीज, मजुरी. आणि शेवटी किरकोळ. नियम असा, की दोनशे रुपयांच्या आतली खरेदी किरकोळमध्ये जाईल. नियम मीच केला होता, नंतर मीच त्याला शिव्या घातल्या.

मोठ्या सदरांशी माझं फारसं वाकडं आलं नाही. मोठा आकडा दुरून येताना दिसतो, आपण सावध होतो, चार ठिकाणी भाव काढतो. लोखंडाचं बघा. सळई वजनावर मिळते, पण काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचं कारण नाही. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि १६२ने भागायचं, की मीटरला किती किलो ते निघतं. बारा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरायला हवी. हे मला ह्यांनी शिकवलं आणि मी दुकानात सळया मोजून, गुणाकार करून दाखवल्यावर दुकानदाराने माझ्यासाठी खुर्ची मागवली. सिमेंटवर त्या वेळी २८ टक्के जीएसटी होता. तो १८वर आला २२ सप्टेंबर २०२५ला, आमची शेवटची गोणी संपून दीड वर्ष झाल्यावर. आमच्या घराची हीच तऱ्हा. घरच्या लग्नाची बातमी आम्हाला पत्रिकेवरून कळते.

वाळूची गोष्ट जरा लांबेल. नदीची वाळू हा आमच्या जिल्ह्यात नुसता बांधकामाचा विषय नाही. प्रवरा, मुळा, गोदावरी या तिन्ही नद्यांच्या काठी तिच्यावरून काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचं काम ऐन रंगात असताना, १ मे २०२३ला, शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात नायगावला राज्यातला पहिला सरकारी वाळू डेपो सुरू झाला. भाव सहाशे रुपये ब्रास. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मी लगेच पेन्सिलीने वाळूचं सदर खोडून नवा आकडा मांडला. पण सहाशे हा नदीकाठचा भाव. ती वाळू दारात यायची तर ट्रकचं भाडं वाळूच्या कितीतरी पुढे जातं, हे भाडं विचारल्यावर कळलं. पेन्सिलीचा आकडा परत खोडला. स्लॅबला दगडाच्या चुऱ्याची वाळू वापरली आणि नदीची वाळू फक्त गिलाव्यापुरती घेतली. वाईट काही झालं नाही. फक्त त्या पानावर एकाच ओळीत तीन आकडे आहेत आणि पहिले दोन खोडलेले आहेत.

किरकोळ मात्र दुरून दिसत नाही. ते पायाखालून येतं. खिळे, सुतळी, कापायच्या यंत्राची ब्लेडं, टेफ्लॉन टेप, वॉशर, पॉलिश पेपर, हातमोजे, घमेली (घमेली कुठे जातात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही), रॉकेलऐवजी थिनर, थिनरच्या डागासाठी साबण. आणि चहा. रोज सरासरी पाच माणसं, दोन वेळा, शंभरेक दिवस. हजार कप चहा होतो. एकट्या दूध-साखर-पत्तीचे ११,२०० रुपये. जूनच्या अखेरीस मी पान उलटलं आणि किरकोळची बेरीज सिमेंटच्या बेरजेच्या पुढे गेलेली दिसली. दोनदा केली, तीनदा केली. हे म्हणाले, "अडीच रुपयांचा घोळ सापडत नव्हता तेव्हा एवढी घाबरली नव्हतीस." शेवटी किरकोळचा आकडा ७१,४६० झाला. दोनशेच्या आतल्या नोंदींचा.

मिस्त्री साठीचे, जुन्या घरांची नाडी ओळखणारे. मला वैनी म्हणायचे आणि मोजमापाला आले की आधी हाताने भिंत थोपटायचे, म्हशीला थोपटतात तशी. त्यांचं एक वाक्य होतं. त्या एका वाक्यावर माझ्या अंदाजपत्रकाचा निम्मा ऱ्हास झाला असेल: "वैनी, उघाडलंच हाये तर..." न्हाणीची मोरी उघडलीच आहे तर पाइप बदलून घ्या. पाइप बदलतोच आहे तर परसातल्या चेंबरपर्यंत नव्याने टाका. चेंबर खणतोच आहे तर शोषखड्डा करून घ्या. प्रत्येक वाक्य खरं असायचं, हीच त्यातली अडचण. खोटं असतं तर मी भांडले असते. मोरीच्या एका गळतीपायी ४६,००० रुपये गेले, आणि त्यातला एकही रुपया वायफळ होता असं मला आजही म्हणता येत नाही.

त्या दिवसांत मला फराहबागेची आठवण यायची. नगर शहराजवळचा तो निजामशाही महाल. पहिलं बांधकाम सुलतानाच्या पसंतीस उतरलं नाही म्हणून पाडून टाकलं आणि पुन्हा बांधायला घेतलं, अशी त्याची हकिकत सांगतात. १५८३च्या सुमारास सलाबतखानाच्या देखरेखीखाली तो पुरा झाला. दुसऱ्यांदा बांधायला घेतला तेव्हा दरबारातल्या कुणा कारकुनाला जुन्या सदरावर रेघ मारून नवं सदर उघडावं लागलं असेल. त्या कारकुनाबद्दल इतिहासात काही नाही. मला मात्र सलाबतखानापेक्षा त्याचंच जास्त वाटतं.

स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी आम्ही दोघांनी उपटली. खाली कोबा निघाला, खडबडीत, मध्ये तडकलेला. कोबा फोडला तर खाली शेणाने सारवलेली जमीन. ती एक जमीन नव्हतीच. टिकावाच्या एका घावात तिची कड दिसली आणि हे म्हणाले, "हे बघ, खाकऱ्याच्या चळतीसारखं आहे." खरंच पातळ पापुद्रेच पापुद्रे. प्रत्येक सणाला, प्रत्येक बाळंतपणानंतर, प्रत्येक मर्तिकानंतर सारवलेलं. आणि त्याच्याही खाली, भिंतीलगत, काळा गोल डाग, जुन्या चुलीचा. आमच्याच तालुक्याच्या गावी, नेवाशाला, लाडमोडच्या टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या संकलियांनी १९५४ ते ५६ या काळात उत्खनन केलं. एकावर एक वस्तीचे थर सापडले, हजारो वर्षांचे. शाळेची सहल तिकडे जायची तेव्हा मला तो विषय कोरडा वाटायचा. आता माझ्या स्वयंपाकघरात अडीच फूट खोल खड्ड्यात उभी राहून मी तेच करत होते, फक्त माझ्या प्रत्येक थराला किंमत होती. शहाबादी फरशी बसवली ती ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी. कोबा केला तो त्याआधी, उसाचं पहिलं बिल आलं तेव्हा. शेणाच्या जमिनीला काही खर्च नव्हता, असं हे म्हणाले. मी म्हटलं, खर्च नव्हता की लिहिला नव्हता?

चुका मी वेगळ्या पानावर लिहिल्या. ते पान चोपडीत सगळ्यात शेवटी आहे, उलटीकडून उघडलं की लागतं. बेसिन नळाच्या उलट्या बाजूचं आणलं, ते परत घेतलं गेलं नाही. मागच्या दाराची चौकट ओलावा धरलेल्या भिंतीत बसवली, पावसाळ्यात दार अडकलं, रंधा मारला, उन्हाळ्यात फट पडली. चौकट, दार, बिजागऱ्या, कडी-कोयंडा यांचं बिल बघून हे वैतागून म्हणाले, "शिंगणापुरात घर असतं तर बरं झालं असतं." शनिशिंगणापूर आमच्याच तालुक्यात, घरांना दारं न लावायची रीत तिथे अजून पुष्कळ जण पाळतात, आणि २०११मध्ये तिथे युको बँकेने शाखा काढली तीसुद्धा कुलपाशिवाय. सुतारकामाचं सदर किती आटोपशीर राहत असेल त्या गावात!

सगळ्यात महाग चूक ओसरीच्या भिंतीची. ती भिंत आम्ही हौसेने स्वतः गिलावली. मी पुस्तकी हिशेब केला होता: बारा मिलिमीटर जाडी, एकास चार माल, शंभर चौरस फुटांना साधारण एक गोणी सिमेंट. भिंत १८० चौरस फूट, म्हणजे दोन गोण्या पुरतील. लागल्या पाच. कारण पुस्तकातली भिंत ओळंब्यात असते आणि आमची भिंत पोट काढून उभी होती. कुठे अर्धा इंच माल बसला, कुठे दोन इंच. तरी दिसायला छान झाली. आम्ही तिच्यासमोर उभं राहून फोटो काढला, मुलाला पाठवला. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, ती फुगली. थोपटलं तर पोकळ आवाज. एक दिवस दुपारी चहाच्या वेळी परातीएवढा खवला निखळून खाली आला आणि कपबशी घेऊन गेला.

मिस्त्री आले, नेहमीप्रमाणे भिंत थोपटली आणि गप्प उभे राहिले.

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"तुम्ही इचारलंच कुठं, वैनी. हौसेनं लावत व्हता."

मातीत बांधलेली भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागावरून सोडून देते. तिचं श्वास घेणंच ते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार बाहेर ढकलतात, आणि माती-सिमेंटची गाठ मुळातच कच्ची असल्याने सिमेंट सुटतं. जुनी माणसं चुना वापरायची ती गरिबीमुळे, असं आपल्याला वाटतं. आम्ही सगळा गिलावा छिन्नीने उतरवला. पिंपात चुना भिजत घातला, दोन आठवडे नुसता भिजू दिला. त्यात चाळलेली वाळू, विटांचा चुरा, आणि मिस्त्रींच्या सांगण्यावरून गुळाचं पाणी आणि बेलफळांचा चिकट गर. बेलफळं गोळा करायला शाळेतली पोरं लावली, त्यांना गोळ्या-बिस्किटं (किरकोळ, १३०). सामान स्वस्तच पडलं. दिवस मात्र अठरा लागले, कारण चुना घाईला जुमानत नाही. चुकांच्या पानाची बेरीज ३८,४५० आहे. ती मुलाला अजून सांगितलेली नाही.

त्या अठरा दिवसांपायी मला प्रश्न पडला, की हे दिवस लिहायचे कुठे. मजुरीच्या सदरात मिस्त्रींची आणि दोन बिगाऱ्यांची हजेरी होती. आमच्या दोघांची नव्हती. मुळात स्वतः काम करायचं ते पैसे वाचवायला. वाचलेल्या पैशाची नोंद खर्चात कशी येणार?

संध्याकाळी पाठ शेकत मी एक जुनं पुस्तक परत काढलं. थोरोच्या वॉल्डनचं दुर्गाबाई भागवतांनी केलेलं मराठी भाषांतर, 'वॉल्डनकाठी विचारविहार'. त्या माणसाने १८४५ साली तळ्याकाठी स्वतःच्या हाताने खोपटं बांधलं आणि त्याचा हिशेब पुस्तकात छापला: एकूण अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. फळ्या, जुन्या विटा, चुना, खिळे, बिजागऱ्या, आणि एका सेंटचा खडूसुद्धा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भारावले होते. या खेपेला कारकुनाच्या नजरेने वाचलं आणि खटकलं. मजुरी त्यात नाही, कारण जवळजवळ सगळी त्याने स्वतःच केली. महिनेच्या महिने राबलेला माणूस स्वतःला शून्य लावतो आणि खडूला एक सेंट. असा ताळेबंद मी मंजूर केला नसता.

माझा जीव मात्र दुर्गाबाईंच्या दुसऱ्या पुस्तकात जास्त, 'पैस'मध्ये, कारण तो पैस आमच्या नेवाशाचा. १२९०मध्ये ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, तो दगडी खांब तिथे आहे, आणि त्याच्याभोवती आजचं देऊळ उभं आहे. खांब आधी, देऊळ मागाहून. आमच्या माजघरातही एक खांब आहे, लिंबाचा, हातभर जाड, पाठ टेकून टेकून एका बाजूला गुळगुळीत झालेला. त्याचं बूड वाळवीने पोखरलं होतं. मिस्त्री म्हणाले, काढून लोखंडी बसवू, एका दिवसाचं काम. ह्यांनी ऐकलं नाही. वरच्या तुळईला जॅक लावून धरली, कुजका भाग कापला, खाली दगडाची उथळी बसवली. सहा दिवस. चोपडीत 'दगड – ६००, जॅकचं भाडं – ४५०'. सहा दिवस कुठेच नाहीत.

आणि पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धीचं यादवबाबांचं मंदिर? लष्करातून निवृत्त झालेले अण्णा हजारे १९७५मध्ये गावी परतले तेव्हा ते देऊळ पडायला आलं होतं. त्याची लाकडं गावातल्या दारूच्या भट्ट्यांना जळण म्हणून गेली होती. हजाऱ्यांनी स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून दुरुस्ती सुरू केली आणि मग गावकरी श्रमदानाला आले. पुढच्या काळातल्या त्यांच्या राजकारणाविषयी ज्याचं त्याचं मत असू दे. मला कुतूहल त्या दुरुस्तीच्या हिशेबाचं. पैशाची बाजू लिहिता आली असेल. माणसं रोज फावडं घेऊन आली ती बाजू?

सरकारला याचं उत्तर सापडलं आहे, हे कबूल करायला हवं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला आमचं काम चाललं तेव्हा सपाट भागात १,२०,००० रुपये मिळत, आणि त्याखेरीज रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी. स्वतःचंच घर बांधायची मजुरी. कुणीतरी टेबलामागे बसून हे मान्य केलं, की माणूस स्वतःच्या भिंतीसाठी घाम गाळतो तेव्हा तेही कामच असतं.

मग मीही पान उघडलं: 'घरचे हात'. मागची हजेरी आठवून, मुलाला पाठवलेल्या फोटोंच्या तारखा बघून, दोघांचे मिळून १४३ दिवस निघाले. दर काय लावायचा, हे मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींना हजार रुपये रोज, बिगाऱ्याला सहाशे.

त्यांनी विडी विझवली, विचार केला आणि म्हणाले, "दादांना बिगाऱ्याचा लावा. तुम्हाला... राग न्हाई ना येनार?"

"नाही."

"तुम्हाला निम्मा. तुम्ही काम कमी आन्‌ हिशेब जास्ती करता."

रागावायचं नाही असं कबूल केलं होतं म्हणून रागावले नाही. दर ठरला, पण बेरीज मी केलेली नाही. दिवसांचा आकडा आहे, रुपयांचा रकाना कोरा आहे. कोऱ्या रकान्याशिवाय एकूण खर्च ६,१२,३४०. अंदाजापेक्षा एकोणसाठ टक्के जास्त. आता कुणी विचारलं तर मी सांगते, जुन्या घराला दहा टक्के धरू नका, निदान तीस-चाळीस धरा, आणि किरकोळला चार उपसदरं पाडा. विचारणारे मान डोलावतात. त्यांच्या डोळ्यांत मला माझे ३,८५,००० दिसतात.

सर्वांत शेवटी माजघर राहिलं होतं. मातीचा गिलावा खरवडून चुना लावायचा, एवढंच. मजुरी चौरस फुटाला तीस रुपये ठरलेली, कारण आमचे खांदे तोवर संपले होते. दाराच्या पाठीमागे, दार उघडं असलं की झाकला जातो त्या जागी, हिरव्या डिस्टेंपरचा पापुद्रा उलथन्याने निघाला आणि खाली रेघा दिसल्या. गेरूच्या, उभ्या, बोटभर लांबीच्या. चार उभ्या आणि एक तिरपी, पुन्हा चार आणि एक तिरपी. ओळीच्या ओळी, कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत. मध्येच काही पंचकांवर ओल्या बोटाने पुसल्यासारखा फराटा.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. ह्यांचं म्हणणं, दुधाच्या रेघा असतील, डेअरी नव्हती तेव्हा घरोघर रतीब जायचा. शेजारच्या आत्याबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी नाकाला पदर लावून, अगदी जवळ जाऊन पाहिलं. म्हणाल्या, "दुधाच्या न्हाईत. ही उसनी ज्वारी. पायलीला एक रेघ." दुष्काळाच्या वर्षीची असेल, बाहत्तरची, असंही म्हणाल्या, मग म्हणाल्या, नसेलही. दिली होती की घेतली होती, ते मी विचारलं. आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना आठवेना.

एकतीस वर्षं जमा आणि नावे लिहिण्यात गेली, आणि त्या भिंतीसमोर मला कुठली बाजू कुठली ते सांगता येईना. मी मोजल्या. एकशे सत्त्याऐंशी. पुसलेल्या धरून दोनशेच्या वर.

मिस्त्री टेप घेऊन मापाला आले. भिंतीची लांबी, उंची, दाराची वजावट. मग त्या जागेशी थांबले.

"हे धरू का मापात? ह्याच्यावर मारायचं का न्हाई?"

"नाही मारायचं. वजा करा."

त्यांनी टेप लावला. तीन फूट बाय दोन. कानामागची पेन्सिल काढून दाराच्या चौकटीवरच आकडा लिहिला आणि मला वाचून दाखवला. चोपडीच्या शेवटच्या पानावर ती नोंद आहे, मिस्त्रींच्या शेवटच्या बिलाखाली: 'वजा – गिलावा न केलेली भिंत, ६ चौ. फूट – १८०'.